चांद्याची तहान

वाचकहो, आमच्या वस्तीवर गोठ्याच्या कडेला एक दगडी डोण आहे. सासऱ्यांच्या आज्यानं घडवून घेतलेली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आता दोन म्हशी आणि एक गाय तेवढी तिथं पाणी पितात. २०२१ सालच्या दिवाळीनंतर त्या डोणीवर आमचा कुत्रा चांद्या सारखा दिसायला लागला. पुढचे दोन पाय काठावर टेकवायचा आणि लपालपा पाणी प्यायचा. थंडीचे दिवस, तरी पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी, रात्री मी बाहेर आले तरी हा डोणीवर. मी ते रोज बघत होते आणि मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. तुमच्या दारातही कुत्रं असेल, चुलीपाशी मांजर असेल, म्हणून ही हकीकत लिहायला बसले आहे. माझ्या हातून जे झालं तेही लपवणार नाही.

आमची वस्ती तासगाव तालुक्यात. द्राक्षं आणि बेदाणा हाच आमचा धंदा. २०१२ साली बेदाण्याच्या शेडमध्ये एका कुत्रीनं पिल्लं घातली, त्यातलं एक आमच्याकडं राहिलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांद्या. जात विचाराल तर गावठी. पण राखणीला असा की शेडवर माणूस ठेवायची गरज पडली नाही. एका वर्षी रात्री मोटारीची केबल तोडायला कोणी आले होते, तेव्हा यानं विहिरीवर असा काही गोंधळ मांडला की ते पक्कड तिथंच टाकून पळाले. ती पक्कड अजून आमच्या घरात आहे. त्या दिवसापासून आमचे हे जेवायला बसले की पहिली चतकोर चांद्याची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुत्र्याला सोप्यात येऊ देत नसत, पण चांद्याला उंबऱ्याच्या आत एक पोतं मिळालं होतं.

तर डोणीवर पाणी पिण्याची गोष्ट. जानेवारीत त्यानं पहिल्यांदा सोप्यात मुतलं. दहा वर्षांत कधी असं केलं नव्हतं. मी केरसुणी उगारली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग रोजच. रात्री पोत्यावरून उठायचा, दारापर्यंत जायचा आणि दार उघडायच्या आत तिथंच व्हायचं. मूत पांढरं, पाण्यासारखं. वासही फारसा नाही. पुढं मला कळलं की ही वास नसण्याची गोष्टच मोठी होती, पण तेव्हा मी फक्त फरशी पुसत होते आणि चिडत होते. दरम्यान त्याची चतकोर ताटलीत तशीच राहायला लागली. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. केस राठ झाले. आत्याबाई म्हणाल्या, “म्हातारा झालाय त्यो. म्हातारपणी माणसाचं काय राहतं, कुत्र्याचं काय राहायचं?” आम्हालाही ते पटलं. म्हातारपण म्हटलं की सगळं त्यात बसतं.

आता माझी चूक सांगते. सोपा रोज कोण पुसणार, म्हणून संध्याकाळी सहानंतर मी त्याचं पाण्याचं भांडं पालथं घालायला लागले. गोठ्याचं फाटक लावून घ्यायचे, म्हणजे डोणीवर जायला नको. पाणीच पोटात गेलं नाही तर मुतेल कसा, असा माझा सरळ हिशोब. तो रात्री भांड्यापाशी जाऊन ते नाकानं ढकलायचा. फरशीवर भांडं घासल्याचा आवाज यायचा. मी कूस बदलायचे.

त्यातच मार्च संपता संपता तो पुढच्या पायानं लंगडायला लागला. बांधावरून उडी मारताना मुरगळला असावा. आमच्या ह्यांना कंबरेसाठी डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातली अर्धी अर्धी गोळी ह्यांनी त्याला गुळाच्या खड्यात घालून तीन दिवस दिली. मायेनंच दिली. लंगडणं कमी झालं, पण चौथ्या दिवशी तो पिवळं पिवळं ओकला आणि पाचव्या दिवशी उठलाच नाही. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, जिभेच्या कडेला फोड, आणि तोंडाला मुतारीसारखा वास. एप्रिल २०२२ची ही गोष्ट.

आमच्या भागात ढोरांचे डॉक्टर म्हशीसाठी येतात, गाईसाठी येतात. कुत्र्यासाठी फोन करायला आमचे हे लाजत होते. “लोक हसतील,” म्हणाले. मग थोरल्या मुलीनं फोन लावला. डॉक्टरसाहेब तासाभरात मोटरसायकलवरून आले, आणि हसले वगैरे काही नाहीत. त्यांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. “पाणी कमी पडलंय याला,” ते म्हणाले. मग विचारलं, “काही गोळी-बिळी दिली का?”

आमचे हे गप्प. मी म्हटलं, “दिली साहेब. माणसाची, दुखण्याची.” आणि मग दम धरून भांडं पालथं घालत होते तेही सांगितलं. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं, रागावले नाहीत, पण ते बघणं मी विसरणार नाही.

त्यांनी सलाईन लावलं, रक्त घेतलं आणि खाली पडलेलं मूत सिरिंजमध्ये ओढून घेतलं. मग पिशवीतून एक नळी काढली. आम्ही सगळे चकित झालो. ती तर हुबेहूब आमच्या ब्रिक्स मीटरसारखी! द्राक्षं उतरवण्याआधी मण्याचा रस काचेवर ठेवून, उजेडाकडं धरून साखर बघतो ना आपण, तेच यंत्र. फक्त आत आकडे वेगळे. डॉक्टर म्हणाले, रसात साखर किती विरघळली आहे ते तुम्ही बघता, मी मुतात काय काय विरघळलं आहे ते बघतो. त्यांनी ते ह्यांच्या हातात दिलं. आकडा होता १.०१२. पाण्याचा आकडा १.०००. धडधाकट कुत्र्याला पाणी कमी पडलं की त्याचं मूत दाट होतं, आकडा १.०३०च्या वर जातो. चांद्याचं अंग सुकलेलं असूनही मूत पातळच होतं. म्हणजे मूत दाट करायची त्याच्या मूत्रपिंडांची ताकदच गेली होती.

इथं मला पहिल्यांदा उलगडलं. तो पाणी जास्त पितो म्हणून मुतत नव्हता. पाणी अंगात ठरत नव्हतं, वाहून जात होतं, म्हणून त्याला प्यावं लागत होतं. मी भांडं पालथं घातलं तेव्हा येणं बंद झालं, जाणं चालूच राहिलं.

रक्ताची नळी घेऊन मुलगी तालुक्याच्या गावी माणसांच्या लॅबमध्ये गेली. क्रिएटिनिन नावाची तपासणी माणसाची काय, कुत्र्याची काय, तशीच होते. पावतीवर रुग्णाचं नाव विचारलं, तिनं ‘चांद्या’ सांगितलं. लॅबवाला हसला, पण रिपोर्ट दिला. दीड-दोनशे रुपये पडले. आकडा आला ४.६. चांगल्या कुत्र्यात तो साधारण दीडच्या आत असतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते आमच्या भाषेत. “तुमचं ठिबक आहे ना? प्लॉटमध्ये हजार ड्रिपर आहेत. शंभर तुंबले, कळतं का? नाही. दोनशे, तीनशे तुंबले तरी वेल हिरवीच दिसते, कारण राहिलेल्यांतून जास्त पाणी पडतं. पण त्यांच्यावर ताण येतो आणि तेही एकेक करून जातात. मूत्रपिंडात अशा लाखो बारीक गाळण्या असतात. दोन तृतीयांश गेल्या की मूत दाट होणं थांबतं, तेव्हा तहान वाढते. तीन चतुर्थांश गेल्या की रक्तातला हा आकडा चढायला लागतो. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. राहिलेल्या जपायच्या.” म्हणजे डोणीवर तो पहिल्यांदा दिसला तेव्हाच बरंचसं होऊन गेलं होतं. तरी तेव्हा ओळखलं असतं तर हातात जास्त उरलं असतं.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन चाललं. आंब्याच्या फांदीला बाटली टांगलेली आणि खाली घोंगड्यावर चांद्या. येणारे-जाणारे थांबून बघत. एकजण म्हणाला, “एवढा खर्च म्हशीवर केला असता तर दूध तरी दिलं असतं.” ह्यांनी त्याला आत जाऊन ती पक्कड आणून दाखवली, बोलले काही नाहीत. पाचव्या दिवशी चांद्यानं स्वतःहून मान उचलून ताकभात चाटला. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा २.७ वर आला होता. डॉक्टर म्हणाले, खरा आकडा हाच धरायचा. आधीच्या ४.६ मध्ये जुनं दुखणं किती आणि कोंडलेल्या पाण्याचा, गोळीचा मार किती, ते वेगळं करता येत नव्हतं. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. चांद्या दुसरीच्या टोकाला, तिसरीच्या तोंडाशी होता.

साहजिकच आम्ही विचारलं, हे झालं कशानं? डॉक्टरांनी मागचं सगळं उकरायला सुरुवात केली. गोचिडांचा ताप आला होता का? आला होता, दोनदा. गोचिडांच्या तापानं मूत्रपिंडाला इजा होते. शेडमध्ये उंदीर आहेत का? आहेत, बेदाणा म्हटलं की उंदीर आलेच. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, तो कुत्र्याचं मूत्रपिंड आणि लिव्हर दोन्ही धरतो आणि माणसालाही होतो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत माणसं त्यानं दगावतात हे तुम्ही ऐकलं असेल. कुत्र्यासाठी त्याची लस असते, दरवर्षी द्यावी लागते. आम्ही फक्त पिसाळण्याची लस देत होतो. तोवर मी चांद्याचं मूत उघड्या हातानं पुसत होते. डॉक्टरांनी तेही बंद करायला लावलं. हातमोजे घाल, नाहीतर हाताला पिशवी बांध, म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “द्राक्षं, बेदाणे खातो का?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. २०१६च्या हंगामात रॅकखाली सांडलेल्या बेदाण्यांवर त्यानं ताव मारला होता. त्या रात्री ओकला, तीन दिवस मरगळून पडला, मूतही कमीच झालं. आम्ही ताक पाजलं, चौथ्या दिवशी उठला, आणि आम्ही विसरून गेलो. वाचकहो, मी द्राक्षाच्या घरात नांदते, पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष ठरू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. याची वाच्यता या शतकाच्या सुरुवातीपासून झाली. अलीकडे त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. काही कुत्री पुष्कळ खाऊनही धडधाकट राहतात, काही मूठभर खाऊन आडवी होतात, आणि आपलं कुत्रं कोणतं ते आधी सांगता येत नाही. बेदाणा सुकलेला, म्हणून तेवढ्याच वजनात त्याचा धोका जास्त. खाल्लेलं कळलं तर वाट न बघता तासा-दोन तासांत डॉक्टर गाठायचा, पोटातलं बाहेर काढता येतं. आमच्या चांद्याचं दुखणं त्या २०१६च्या बेदाण्यांनी सुरू झालं की गोचिडांनी की नुसत्या वयानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बहुतेक वेळा असंच असतं, मूळ सापडत नाही. पण मी आजही रॅकखाली झाडताना तोच हंगाम आठवते.

दुखण्याच्या गोळीबद्दल मात्र शंका नव्हती. माणसाच्या अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाकडं जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. धडधाकट जनावर एखाद वेळ निभावतं, आधीच दुबळं झालेलं निभावत नाही. डॉक्टरांनी गिधाडांची आठवण काढली. माझ्या लहानपणी माळावर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा, दिवसाखेर हाडं उरायची. ती गिधाडं गेली कुठं? ढोरांना दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक टोचलं जाई. ते ढोर मेलं की गिधाडं त्याचं मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती झाडाखाली गळून पडत. हे शास्त्रज्ञांनी २००४ साली जगापुढं मांडलं, आणि २००६ साली आपल्या सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली. आमच्या ह्यांनी त्या दिवशी कपाटातल्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. जाता जाता मांजरवाल्यांनाही सांगते, तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारून टाकते. ती कधी देऊ नका.

आता खाण्याचं. इथं आमच्या घरात खरी लढाई झाली, कारण समोर आत्याबाई होत्या. रविवारी मटण शिजलं की नळीचं हाड चांद्याचं, हा त्यांचा नेम. डॉक्टरांनी हाडं, काळीज, सुकट, जास्तीचं दूध, लोणचं-पापड-खारं सगळं बंद सांगितलं. कारण असं की मूत्रपिंड थकलं की अन्नातला फॉस्फरस बाहेर पडत नाही, अंगात साठतो आणि दुखणं वाढवतो. हाडामांसात, काळजात, दुधात तो भरपूर. आत्याबाईंना वाटलं, सुनेनं कुत्र्याला उपाशी मारायचं ठरवलंय. “आजारी जिवाला चांगलंचुंगलं घालायचं का भात?” असं त्या येईल-जाईल त्याला सांगत. दोनदा मी हाड चांद्याच्या तोंडातून काढून घेतलं. दोनदा आमच्यात अबोला झाला.

मग डॉक्टर आले तेव्हा मी मुद्दाम आत्याबाईंना पुढं केलं. डॉक्टरांनी त्यांना मान देऊन, “आजी, अंड्यातलं पांढरं तेवढं याला चालतं, ते तुम्हीच द्या,” म्हटलं. पांढऱ्यात ताकद पुष्कळ आणि फॉस्फरस अगदी थोडा, पिवळ्यात मात्र तो भरलेला. झालं! त्या दिवसापासून अंडं उकडायचं, पांढरं-पिवळं वेगळं करायचं, भात मऊ शिजवून त्यात चमचाभर तूप आणि उकडलेला दुधी घालायचा, हे आत्याबाईंचं काम. पिवळं मांजराला. डॉक्टरांनी एक पांढरी भुकटी दिली होती, ती फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते. ती भातातच कालवायला हवी, नुसती पाजून उपयोग नाही. हेही आत्याबाई मला बजावून सांगायच्या, जणू मीच विसरणार.

एक सांगून ठेवते. घरच्या भात-अंड्यावर कुत्र्याला लागणारं सगळं मिळत नाही, म्हणून डॉक्टर वरून औषधं देत होते आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्त बघून ती बदलत होते. मूत्रपिंडाच्या आजारासाठी तयार खाद्यही मिळतं. आम्ही एक पिशवी आणली होती, चांद्यानं हुंगून सोडून दिली. तुमच्या कुत्र्याचा आकडा वेगळा, पायरी वेगळी. आमचं माप उचलू नका, डॉक्टरांना विचारा.

पाणी मोजायचं कसं, ते मात्र सगळ्यांना करता येतं. आम्ही एक लिटरचा लोटा घेतला. सकाळी डोणीचं फाटक लावायचं, लोट्यानं मोजून चांद्याच्या परातीत घालायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. परात मात्र रात्रंदिवस भरलेली. कुत्र्याच्या एका किलो वजनाला दिवसभरात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी लागत असेल तर डॉक्टरला सांगावं. चांद्या १७ किलोचा उरला होता आणि साडेतीन लिटर पीत होता. वजन बेदाण्याच्या काट्यावर करायचं. आमचे हे त्याला उचलून काट्यावर उभे राहत, मग स्वतःचं वजा करत. कुत्रं जास्त पाणी पिऊ लागलं की दर वेळी मूत्रपिंडच गेलेलं असतं असंही नाही. मधुमेह असतो, कुत्रीच्या पिशवीत पू झालेला असतो. पण विनाकारण कुठलंच जनावर डोणीवर जाऊन उभं राहत नाही. मांजराचं तर आणखी अवघड. म्हातारपणी हा आजार मांजरांना फार होतो, आणि ते कुठं पाणी पितं, कुठं मुततं, आपल्याला दिसतच नाही. तिथं वजन आणि केस यांवरच लक्ष ठेवायचं.

त्या पावसाळ्यात आम्ही त्याला जीपमध्ये घालून शिरवळला नेलं. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पोटाची सोनोग्राफी झाली, दोन्ही मूत्रपिंडं आकसून लहान झालेली दिसली. पुढच्या पायाला लहानसा पट्टा बांधून रक्तदाबही बघितला. तोही वाढलेला. या आजारात दाब वाढतो आणि कधी कधी त्यानं एका रात्रीत डोळे जातात. गोळी सुरू झाली. योगायोग असा की माझ्या सासऱ्यांचीही तीच गोळी. घरात पट्टी पडलेली होती, पण डॉक्टरांनी आधीच दटावलं होतं, औषध तेच असलं तरी माप तेच नाही.

असे वीस महिने गेले, वाचकहो. ते सगळे आजारपणाचे नव्हते. चांद्या पुन्हा शेडवर जाऊन बसू लागला, परक्या माणसावर भुंकू लागला. थोरलीच्या साखरपुड्याला मांडवात फिरला. सोप्यात मुतणं थांबलं नाही, पण आम्ही त्याचं पोतं ओसरीच्या कडेला हलवलं आणि रात्री दोनदा उठून त्याला बाहेर नेऊ लागलो. बहुतेक वेळा मीच उठायचे. मागच्या हिवाळ्यात कूस बदलली होती, तेवढं तरी फेडावं म्हणून.

२०२३च्या दसऱ्यापासून तो पुन्हा उतरला. डॉक्टरांनी ह्यांना कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी वर उचलायची, सुई घालायची, उंटाच्या मदारीसारखा उंचवटा येतो, मग तो हळूहळू जिरतो. एक दिवसाआड ते चाललं. डिसेंबरात आकडा सहाच्या वर गेला. पांढरंही खाईना. आत्याबाई बोटानं भात त्याच्या ओठाला लावायच्या, तो मान फिरवायचा.

डॉक्टर म्हणाले, आता त्याला त्रासच आहे, इंजेक्शन देऊन झोपवतो. आमचे हे तयार होते. मी नव्हते, आत्याबाई तर ऐकूनच रडायला लागल्या. घरच्या जिवाला आपल्या हातानं कसं मारायचं? आम्ही दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत त्याला झटके आले, उलटी थांबेना, तोंडातल्या फोडांनी पाणीसुद्धा गिळवेना. तहानेला जीव आणि पाणी पिता येत नाही, असं मी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या सकाळी आत्याबाईच म्हणाल्या, “बोलीव डागदराला.” इंजेक्शननंतर तो शांतपणे, माझ्या मांडीवर मान ठेवून गेला. ते दोन दिवस आम्ही त्याच्यासाठी मागितले नव्हते, स्वतःसाठी मागितले होते, असं मला वाटतं. डॉक्टरांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

शेडच्या मागं बांधावर त्याला पुरलं. ह्यांनी ती पक्कड तिथं ठेवायला नेली होती, पण परत आणली. म्हणाले, राहू दे घरात.

आता वस्तीवर दुसरं पिल्लू आहे, २०२४च्या जूनमधलं. त्याला लेप्टोची लस झाली. शेडच्या रॅकखाली चहूबाजूंनी जाळी मारली आहे, हंगामात पिल्लू बांधलेलंच असतं. तो लिटरचा लोटा मी परातीशेजारीच ठेवते, महिन्यातून एकदा मोजून बघते. परवा आत्याबाईंनी अंडं उकडलं, सवयीनं पांढरं वेगळं काढलं आणि मग हातात धरून बसून राहिल्या. मी म्हटलं, “द्या त्याला सगळंच, त्याला चालतं.”